एका विपळाचं अंतर

मे महिन्याची अखेर होती, नवतपा सुरू झाला होता. रात्रीचे आठ वाजले तरी सदरमधल्या आमच्या घराच्या भिंती दिवसभराचं ऊन परत देत होत्या. खिडकीतला कूलर पूर्ण वेगानं चालला होता. लोखंडी पत्र्याच्या कूलरसमोर झोपून ज्यांनी विदर्भातले उन्हाळे काढले आहेत, त्यांना त्याचा आवाज समजावून सांगायला नको. पंख्याची घरघर, तिच्याखाली पंपाची गुणगुण, आणि वाळ्याच्या ताट्यांमधून टाकीत पडणाऱ्या पाण्याची संथ टपटप. शिकागोहून मुलीचा फोन आला. तिच्याकडे सकाळचे साडेनऊ. दोन-चार वाक्यं झाली आणि ती मध्येच थांबून म्हणाली, ‘बाबा, लाइन गेली का?’

आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. मी म्हणालो, ‘नाही गं, आहे की. काहून?’

‘कूलरचा आवाज येत नाहीये.’

कूलर माझ्यापासून दोन हातांवर होता. त्याच्यामुळे मला स्वतःलाच मोठ्यानं बोलावं लागत होतं. पण माझ्या तोंडून निघालेला शब्द तेवढा तिच्याकडे पोचत होता आणि त्याच्या अंगावरचा कूलर वाटेत कुणीतरी झाडून टाकला होता. तिला माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, आणि त्या स्वच्छतेमुळेच तिला वाटलं की घरात काहीतरी बंद पडलं आहे.

त्या रात्रीपासून इंटरनेटवरून येणाऱ्या आवाजाचा मी नाद घेतला. हा आवाज चांगला येतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि बिघडतो तेव्हा काय बिघडतं, हे समजून घ्यावंसं वाटलं. जे कळलं त्यात तंत्र आहेच; पण शेवटी ते मला माणसांबद्दल जास्त शिकवून गेलं.

कूलरपासूनच सुरुवात करतो. फोनमधली गोंगाट काढणारी व्यवस्था सतत कान देऊन असते. जो ध्वनी एकसारखा राहतो, ज्याचा पोत क्षणोक्षणी बदलत नाही, त्याचा ती अंदाज बांधते आणि येणाऱ्या आवाजातून तेवढा भाग वजा करते. बोलणं चढतं, उतरतं, अडखळतं, श्वासासाठी थांबतं. म्हणून ते राहतं. अलीकडच्या व्यवस्था तर असंख्य बोलणी आणि असंख्य गोंगाट ऐकवून शिकवलेल्या असतात. संगीत शिकवणाऱ्यांना याची ओळख २०२०च्या टाळेबंदीत झाली. गुरूनं तानपुरा लावावा, गायला सुरुवात करावी, आणि पलीकडे शिष्याला तानपुरा विरत विरत नाहीसा झालेला ऐकू यावा. यंत्राच्या दृष्टीनं यात चूक काहीच नव्हती. एकसारखं राहणं हाच तानपुऱ्याचा धर्म आहे. पुढे काही ॲपमध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा राखण्याची सोय करावी लागली.

जे सतत सोबत असतं तेच यंत्राला गोंगाट वाटतं. सदरला तर अशा सोबतीची कमी कधीच नव्हती. रेसिडेन्सी रोडवरची आणि आता त्याच्यावरच्या उड्डाणपुलावरची वाहनं, मंगळवारी बाजारातली हाकाहाक, सेंट फ्रान्सिस डी सेल्स चर्चची घंटा, अजान, विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर सामना असला की गर्दीची उसळी. या सगळ्यात वाढलेल्या मुलीला बापाचा आवाज या आवाजांतूनच ओळखीचा. तो एकटाच पोचला तर तिला परका वाटणारच.

माझी पिढी याच्या अगदी उलट्या टोकावरून आली आहे. आमच्या लहानपणी ट्रंक कॉल लावून वाट पाहत बसायचं. भारतात ग्राहकानं थेट परगावचा नंबर फिरवण्याची, एसटीडीची, सुरुवात कानपूर-लखनौ यांच्यामध्ये २५ नोव्हेंबर १९६० रोजी झाली; ती सोय आमच्यासारख्यांच्या अंगवळणी पडायला पुढे कित्येक वर्षं गेली. ट्रंक लागला की लाइनवर खरखर, मध्येच कुणाचं तरी वेगळंच संभाषण, आणि पुण्याहून काकांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. घरातलं सगळ्यात खणखणीत गळ्याचं माणूस फोनपाशी उभं केलं जाई. नंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले, तेव्हा काचेच्या खोक्यात उभं राहून डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर आणि कान पलीकडच्या माणसावर, अशी कसरत करत आम्ही बोललो.

त्या तारेवर आवाज अरुंदच असायचा. टेलिफोनच्या शास्त्रानं फार पूर्वी हिशेब केला होता की माणसाचं बोलणं कळायला ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारण १००च्या आसपास आणि स्त्रीची २००च्या आसपास असते. म्हणजे दोघांचाही मूळ स्वर या पट्ट्याच्या खाली राहतो, तो तारेवर चढतच नाही. तरी काकांचा आवाज काकांचाच वाटायचा, कारण वरच्या स्वरांशांवरून खालचा न आलेला स्वर कान स्वतः उभा करतो. वरच्या बाजूचं नुकसान मात्र भरून येत नाही. ‘स’चा शीत्कार बराचसा ३४०० हर्ट्‌झच्या वर असतो, म्हणून फोनवर ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ एकमेकांत मिसळतात. मराठीत ‘चमचा’तला दाताजवळचा ‘च’ आणि ‘चमचे’तला टाळूचा ‘च’ यांच्यातला फरकही याच वरच्या मजल्यावर राहतो. म्हणून तर नाव सांगताना आपण बालवाडीत परत जातो: ‘स सशाचा, श शहामृगाचा.’

पुढे हाच अरुंद आवाज आकड्यांत बांधला गेला. सेकंदाला ८००० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचं. झाले सेकंदाला ६४ हजार बिट. जी.७११ नावाचं हे मानक १९७२चं आहे आणि आजही चालतं. २०१२मध्ये आलेल्या ओपससारख्या पद्धतींनी हा कोंडवाडा मोडला. वाट अरुंद असेल तर सेकंदाला ६ हजार बिटांत भागवायचं, रुंद असेल तर माणसाचा कान जेवढं ऐकू शकतो तेवढं सगळं न्यायचं, आणि हा बदल बोलणं चालू असतानाच करायचा. म्हणून आज मुलगी ‘सकाळ’ म्हणते तेव्हा तिच्या ‘स’ची धार मला इथं नागपुरात ऐकू येते. ट्रंकच्या काळात शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा आवाज ऐकणं हे स्वप्न होतं. ते पूर्ण झालं.

मग तक्रार कसली? मला वाटतं, त्या खरखरणाऱ्या तारेकडे एक गोष्ट होती जी आपण हातची घालवली. ट्रंक कॉल लागला की नागपूर ते पुणे ही वाट तेवढ्या वेळापुरती दोन माणसांच्या नावावर होत असे. तिच्यावरून शब्द तुटके जात, पण ठरल्या वेळात जात. काका हसले की आम्ही त्याच क्षणी हसत असू. शब्द हरवत, वेळ शाबूत राहत असे. आता शब्द शाबूत येतात आणि वेळ हरवतो.

इंटरनेटवर कुणाच्याच नावावर वाट नसते. आपलं बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. सेकंदाला ५० पुड्या. प्रत्येक पुडीवर पत्ता आणि अनुक्रमांक असतो, आणि ती आपापली वाट धरते. एक ‘आई’ म्हणायला जेवढा वेळ लागतो त्यात दहा-पंधरा पुड्या निघालेल्या असतात. काही मागेपुढे पोचतात, काही वाटेतच राहतात. आजचा साधा मोबाइल कॉलसुद्धा, व्होल्टीवर असेल तर, अशाच पुड्यांनी जातो.

असं बोलता येईल का, हे १९७४च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा तपासलं गेलं. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्पानेट या जाळ्यावरून दक्षिण कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांच्यामध्ये आवाज पुड्यांतून पाठवला. त्या प्रयोगांतून एक फार खोल गोष्ट हाती आली. तोवरच्या जाळ्याची शिस्त होती की काहीही हरवता कामा नये; हरवलं तर पुन्हा मागवा, तोवर मागच्यांना थांबवा. पत्राला, हिशेबाला हीच शिस्त योग्य आहे. बोलण्याला ती मारक ठरते. वाक्य पुढे निघून गेल्यावर त्यातलं एक अक्षर हजर झालं तर ते वरातीमागून घोडं; त्याच्यासाठी थांबलेल्या वरातीचा मुहूर्त मात्र गेलेला असतो. कोहेन यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळे १९७८मध्ये जाळ्याचा मूळ नियम दोन भागांत विभागला गेला, आणि हरवलेलं परत न मागणारी, पण कुणासाठी न थांबणारी यूडीपी नावाची वाट १९८०मध्ये लिहून ठेवली गेली. आपले आजचे बहुतेक कॉल त्या वाटेनं जातात. जिवंत बोलण्यात पूर्ण असण्यापेक्षा वेळेवर असणं मोलाचं असतं, हे त्या अभियंत्यांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं.

पुड्या वेगवेगळ्या गतीनं येतात, या अनियमिततेला जिटर म्हणतात. ती झाकण्यासाठी ऐकणाऱ्या फोनमध्ये एक लहानसा ओटा असतो. येणाऱ्या पुड्या तिथं क्षणभर टेकतात, क्रमानं लागतात, आणि मग एका लयीत कानाकडे सोडल्या जातात. ओटा लहान ठेवला तर उशीर कमी, पण मागे राहिलेल्या पुड्या टाकून द्याव्या लागतात आणि आवाज कातरल्यासारखा होतो. मोठा ठेवला तर आवाज अखंड, पण संभाषणाला जडपणा येतो. फोन हा ओटा आपल्या नकळत लहान-मोठा करत असतो. किती वाट पाहायची आणि कुणाला सोडून पुढे जायचं, हा प्रश्न तो दर सेकंदाला अनेकदा सोडवतो.

हरवलेल्यांचं काय करायचं, याची एक युक्ती वाचली तेव्हा मी चकित झालो. ओपसमध्ये प्रत्येक पुडीसोबत तिच्या आधीच्या पुडीची एक हलकी नक्कल पाठवता येते. आधीची हरवली तर मागून येणारी तिची खूण देते. हे वाचताना मला वेदपाठाचा क्रमपाठ आठवला. पहिला शब्द दुसऱ्यासोबत म्हणायचा, दुसरा तिसऱ्यासोबत, तिसरा चौथ्यासोबत. प्रत्येक शब्द दोनदा येतो, एकदा पुढच्याचा हात धरून आणि एकदा मागच्याचा. जटापाठात आणि घनपाठात ही वीण आणखी घट्ट होते. लेखणीवर भरवसा न ठेवता केवळ कंठातून कंठात जाणारा पाठ शतकानुशतकं टिकवायचा, तर हरवण्याची सोय आधीच बांधून घ्यावी लागते, हे त्या पाठकांना पक्कं ठाऊक होतं. दोन्हीकडे साधन एकच: शेजाऱ्यानं शेजाऱ्याची आठवण ठेवायची.

आणि तरीही जे हरवतं, ते फोन अंदाजानं रचतो. मागच्या तुकड्याचा स्वर ताणून, हळूच विझवत तो फट बुजवतो. बाकीचं काम मेंदू करतो. १९७०मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी एका वाक्यातल्या एका शब्दातला ‘स’ कापून काढला आणि तिथं खोकला ठेवला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला नेमका कुठं होता हेही त्यांना सांगता येईना. त्याच जागी नुसती शांतता ठेवली की मात्र फट लगेच कळते. म्हणजे आपल्याला तुटलेपण जाणवतं ते रिकाम्या जागेमुळे. भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त याच कोड्याशी झुंज घेतली होती. ध्वनी एकामागून एक उपजतात आणि लगेच नाहीसे होतात. मग अर्थ कुणात राहतो? त्याचं उत्तर स्फोट. आधीचे ध्वनी मनावर संस्कार ठेवून जातात आणि शेवटच्या ध्वनीसरशी अखंड वाक्य एकदम उजळतं. तुकडे कानाचे, अखंडता ऐकणाऱ्याची. नैयायिकांचा रस्ता वेगळा. त्यांच्या मते बोलणाऱ्याच्या मुखाशी उपजलेला शब्द कानापर्यंत येतच नाही. पाण्यावर लाटेतून लाट निघावी तसा एका शब्दातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा उपजत जातो, आणि कानाशी पोचतो तो त्या मालिकेतला शेवटचा. याला ते वीचीतरंगन्याय म्हणतात. शिकागोत मोजला गेलेला, आकडे झालेला, समुद्राखालून प्रकाश होऊन आलेला आणि माझ्या हातातल्या यंत्रात नव्यानं उपजलेला माझ्या लेकीचा शब्द ऐकताना मला ते म्हणणं अगदी पटतं. तो तिचाच असतो, आणि तरी तो माझ्या कानाशी जन्मलेला असतो.

आता अंतराचा हिशेब. सदरहून कस्तुरचंद पार्ककडे गेलं की पुढे थोड्याच अंतरावर झिरो माइलचा स्तंभ आहे. नागपूर देशाच्या मध्यावर, याचा आम्हाला लहानपणापासून अभिमान. मध्यावर असणं म्हणजे सगळ्या समुद्रांपासून दूर असणंही. परदेशी जाणाऱ्या समुद्री केबल मुंबईला आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात. आमच्या शब्दाला आधी तिथवर जावं लागतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबई चार-पाच मिलिसेकंदांवर. ते काहीच नाही. पण पुढे अमेरिकेपर्यंतचा केबलचा रस्ता १६ हजार किलोमीटरचा जरी धरला तरी एका बाजूनं ८० मिलिसेकंद होतात, आणि हा उशीर कुठलंही नवं यंत्र कमी करू शकत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये एअरटेलनं ५जी सुरू केलं त्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. त्यानं घरापासून टॉवरपर्यंतचं अंतर हलकं झालं. समुद्र तेवढाच राहिला. शिवाय समुद्रातली वाट तुटतेही. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट ठिकठिकाणी मंदावलं होतं. अशा वेळी शब्द लांबच्या वळणानं जातात आणि उशीर वाढतो.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही, आणि ४०० मिलिसेकंदांच्या पलीकडे तो जाऊ देऊ नये. हा ४००चा आकडा वाचला आणि मला पंचांग आठवलं. घटिका २४ मिनिटांची, तिचा साठावा भाग पळ म्हणजे २४ सेकंद, पळाचा साठावा भाग विपळ. विपळ म्हणजे बरोबर ०.४ सेकंद, ४०० मिलिसेकंद. ज्या विपळाचा उपयोग एरवी फक्त ज्योतिषालाच होतो असं मी समजत होतो, ते दोन माणसांच्या संभाषणाची शेवटची सीमा निघालं. प्रश्न विचारणाऱ्याच्या वाट्याला तर हा उशीर दुहेरी येतो. माझा प्रश्न जायला एकदा, तिचं उत्तर यायला एकदा.

एका विपळानं एवढं काय बिघडतं? २००९मध्ये जगातल्या दहा भाषांतली संभाषणं तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या भाषा मिळून प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा अवकाश सरासरीनं २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. अर्धं विपळ. एवढ्यात विचार करून बोलणं अशक्य आहे; समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर तयार होत असतं. म्हणून नेहमीपेक्षा लांबलेला अवकाश आपल्याला लगेच कळतो आणि आपण त्याचा अर्थ लावतो. ‘येशील ना?’ या प्रश्नावर लगेच आलेला ‘हो’ आणि जरा थांबून आलेला ‘हो’ हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत.

माझ्या बाबतीत नेमकं तेच घडलं. गेल्या वर्षी मी मुलीला विचारलं, ‘दिवाळीला येशील ना?’ पलीकडे शांतता. सेकंद, दीड सेकंद. मग ‘हो बाबा’. तो दीड सेकंद माझ्या मनातून जाईना. तिला यायचं नाही, जावयाला विचारावं लागत असेल, आपण आता ओझं झालो, असं काय काय मी त्या शांततेत वाचलं. पुढचे तीन आठवडे मी दिवाळीचा विषयच काढला नाही, आणि माझ्या बोलण्यातला गारवा तिला जाणवला असणारच.

मग भाचा आला. ‘मामा, आवाज उशिरा जातो म्हणता तर पाहू नं,’ म्हणून त्यानं त्याच्या लॅपटॉपवर वेळ मोजायला घेतला. एरवी जवळच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला काही मिलिसेकंद लागत, तिथं एक सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. कारण घरातच निघालं. सौभाग्यवतींच्या फोनमधून पुतणीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर चढत होते. राउटरमध्ये त्यांची लांब रांग लागली होती आणि माझ्या शब्दांच्या पुड्या त्या रांगेच्या शेवटी उभ्या होत्या. या दुखण्याला नाव आहे, बफरब्लोट. संगणक प्रोग्रामर जिम गेटिस यांना २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या इंटरनेटवर ते आढळलं. मेमरी स्वस्त झाली म्हणून उपकरणांत मोठाले साठे दिले गेले, आणि काहीही हरवू नये या सद्‌हेतूनं सगळंच तुंबलं. भर म्हणून आमचा राउटर कूलरच्या मागच्या फळीवर होता. मध्ये लोखंडी पत्रा आणि पाण्याची टाकी. वाय-फायच्या लहरींना यापेक्षा वाईट शेजार कोणता? पुड्या पुन्हा पुन्हा पाठवाव्या लागत होत्या. राउटर हलवला, फोटो रात्री झोपेच्या वेळी चढतील असं केलं, आणि तो दीड सेकंद नाहीसा झाला.

तो सेकंद तारेचा होता. मी तो लेकीच्या खात्यावर लिहून मोकळा झालो होतो.

नंतर कळलं की ही चूक माझ्या एकट्याची नाही. २०१४मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना मुद्दाम उशीर घातलेल्या लाइनवर बोलायला लावलं. बोलणाऱ्यांना उशीर आहे हे कळत नव्हतं. त्यांना पलीकडचं माणूस कमी लक्ष देणारं, कमी आपुलकीचं वाटलं. आवाज खरखरला की आपण लाइनला दोष देतो, कारण खरखर तारेची आहे हे कानाला कळतं. उशिराला मात्र आवाज नसतो. तो शांततेचा वेष घेऊन येतो, आणि शांतता माणसाचीच असते अशी आपली हजारो वर्षांची सवय आहे. पूर्वीच्या फोनमुळे ऐकण्यात चूक होई. आताच्या फोनमुळे मन वाचण्यात चूक होते, आणि ती ‘काय म्हणालास?’ विचारून दुरुस्त करता येत नाही.

त्यात ही शांततासुद्धा पूर्णपणे खरी नसते. माणूस बोलायचं थांबलं की पुष्कळ व्यवस्था पुड्या पाठवणं जवळजवळ बंद करतात. मग पलीकडे नुसती पोकळी ऐकू आली असती आणि फोन कटला की काय असं वाटलं असतं. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच एक बारीक सळसळ तयार करून कानाशी ठेवतो. कूलरचा खरा आवाज पुसून टाकणारं यंत्र त्याच्या जागी स्वतः घडवलेली एक सळसळ ठेवतं. ज्या शांततेत मी तीन आठवड्यांचा रुसवा वाचला ती कदाचित माझ्याच हातातल्या यंत्रानं विणलेली होती.

मी यंत्रावर रागावलेलो नाही. १९७४च्या त्या पहिल्या पुड्यांपासून इथवर येताना कितीतरी लोकांनी मिलिसेकंद मिलिसेकंद वाचवला आहे, म्हणून मी आज नातवाचा बोबडा ‘स’ ऐकू शकतो. माझं म्हणणं एवढंच, की आवाजाची गुणवत्ता हे काम अर्धं यंत्राचं आणि अर्धं आपलं आहे. राउटर उघड्यावर ठेवणं, रांग मोकळी ठेवणं, गर्दीच्या खोलीत कानात इअरफोन घालणं, म्हणजे पलीकडच्याला त्याचाच प्रतिध्वनी ऐकू जात नाही; ही आपल्या अर्ध्यातली सोपी कामं. अवघड काम आहे ते त्या विपळाला अर्थ न चिकटवण्याचं. प्रश्न विचारल्यावर तो समुद्राखालून जातो आहे, उत्तर समुद्राखालून येतं आहे, हे मनाला आठवून द्यायचं आणि तेवढा वेळ हातात नुसता धरून ठेवायचा.

या उन्हाळ्यात मी मुलीच्या सांगण्यावरून मूळ आवाज जसाच्या तसा जाईल अशी सोय असलेलं ॲप घेतलं आणि फोन कूलरकडे वळवला. ती काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. मी यावेळी त्या शांततेला काही विचारलं नाही. मग मला वाटलं आता बोलावं, आणि नेमकं तेव्हाच तिलाही वाटलं. दोघांचे शब्द वाटेत कुठेतरी एकमेकांवर आदळले, दोघंही थांबलो, आणि एका विपळाच्या अंतरानं दोन्हीकडून एकच वाक्य आलं.

‘तू बोल आधी.’

‘नाही बाबा, तुम्ही बोला आधी.’